वाटनफाल : घरी सरकारी, शेजारी परदेशी भांडवलदार

एल्बकाठी (धागाकर्ता)

मंडळी,

परवा मीटरचा आकडा कळवायचं कार्ड आलं. आमची इमारत जुनी, त्यामुळे तळघरात अजून तो काळा मीटर आहे. काचेआड फिरणारी चकती आणि तिच्यावर एक लाल खूण. ती खूण चार वेळा समोरून गेल्याशिवाय माझा पाय तिथून निघत नाही. आई सध्या पुण्याहून आली आहे, तीही मागोमाग जिना उतरली. मी मोबाइलच्या उजेडात आकडा टिपत होतो. (लाल चौकटीतला शेवटचा आकडा सोडायचा असतो. पहिल्या वर्षी मी तोही लिहिला आणि कागदोपत्री दहापट वीज जाळली.)

"ही इथली एमएसईबी का रे?" आईने विचारलं.

"हो, सरकारी आहे. पण इथल्या सरकारची नाही."

"मग कोणाची?"

"स्वीडनच्या."

"स्वीडनचं सरकार हॅम्बुर्गात वीज कशाला विकतं?"

याचं उत्तर जिन्यात देण्यासारखं नव्हतं, म्हणून हा धागा.

आमची वीजकंपनी वाटनफाल. स्वीडिशमध्ये या शब्दाचा अर्थ धबधबा. १९०९ साली स्वीडनने 'शाही धबधबा मंडळ' काढलं. नाव ऐकून हसू येतं, पण काम हाडं मोडणारं होतं. ध्रुववृत्ताच्याही वर, पोर्युस नावाच्या जागी, लुले नदीवर वीजघर बांधायचं ठरलं. किरुनाचं लोहखनिज वाहणारी रेल्वे त्या विजेवर चालवायची होती. तिथवर ना रस्ता ना रूळ. रूळ पोचेपर्यंत माणसांनी पाठीवर ओझी घेऊन येलिव्हारेपासून पन्नासेक किलोमीटर सामान वाहिलं, दलदलीतून आणि बर्फातून. १९१५ मध्ये पोर्युस सुरू झालं. नदी देशाची, पैसा देशाचा, वीज देशाच्या रेल्वेला. इथपर्यंत कोणाला काही खटकायचं कारण नाही.

१९९२ मध्ये मंडळाची कंपनी झाली, मालकी मात्र शंभर टक्के सरकारचीच राहिली. १९९६ ला स्वीडनने वीजबाजार खुला केला, १९९८ ला जर्मनीने. त्याच सुमारास जर्मनीत बड्या कंपन्यांची लग्नं लागत होती. वेबा आणि वियाग एकत्र येऊन ए.ऑन झाली, तेव्हा स्पर्धा खात्याने अट घातली की पूर्वेकडच्या कंपन्यांतले हिस्से सोडा. घ्यायला स्वीडन तयारच होता. हॅम्बुर्गची एचईडब्ल्यू, बर्लिनची बेवाग, पूर्व जर्मनीची वेआग आणि लाउझित्सच्या कोळशाच्या खाणी, दोन-तीन वर्षांत सगळं त्याच्या पदरात पडलं. २००२ मध्ये त्याची 'वाटनफाल युरोप' झाली. आमच्या गावची सायकल शर्यतसुद्धा आधी एचईडब्ल्यूच्या नावाने भरायची, २००६ पासून वाटनफालच्या नावाने भरू लागली.

लाउझित्सचा कोळसा म्हणजे लिग्नाइट. तपकिरी, ओलसर, हातात घेतला तर मातीच्या ढेकळासारखा. वर्षाला सहा कोटी टनांच्या आसपास निघायचा आणि शेजारीच येन्शवाल्डे, बॉक्सबर्ग, श्वार्त्से पुंपे इथे जाळला जायचा. खाण पुढे सरकली की वाटेतलं गाव उठायचं. हॉर्नो हे सॉर्ब लोकांचं गाव, जर्मनीतला छोटा स्लाव्ह समाज. त्यांनी अनेक वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, पण २००४ मध्ये तिथलं चर्च सुरुंग लावून पाडलं गेलं. घरी जलविद्युत आणि अणुऊर्जेवर चालणाऱ्या, स्वच्छ हवेचा अभिमान मिरवणाऱ्या देशाची ही कंपनी. स्टॉकहोमच्या शाळेतल्या पोरांना ठाऊक तरी असेल का की त्यांच्या मालकीची खाण आठशे-नऊशे किलोमीटरवर कोणाचं चर्च पाडते आहे?

आता मोरबुर्ग. हॅम्बुर्ग बंदरापलीकडे, एल्बच्या काठी, दगडी कोळशाचं १,६५४ मेगावॅटचं वीजघर. २००८ च्या निवडणुकीत इथल्या ग्रीन पक्षाने 'मोरबुर्ग होऊ देणार नाही' म्हणून मतं मागितली, सत्तेत आले, आणि त्यांच्याच पर्यावरणमंत्री बाईंना परवान्यावर सही करावी लागली. निदान नदीचं पाणी किती घ्यायचं आणि किती गरम करून सोडायचं यावर त्यांनी कडक अटी घातल्या. वाटनफालने २००९ मध्ये जर्मनीला वॉशिंग्टनच्या गुंतवणूक लवादात खेचलं. दावा १४० कोटी युरोंचा, आधार ऊर्जा सनद कराराचा, म्हणजे ऊर्जाक्षेत्रातल्या परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा. तडजोड झाली आणि अटी सैल झाल्या.

नदीतल्या माशांची भरपाई म्हणून कंपनीने गीस्टहाख्तच्या बंधाऱ्याजवळ माशांसाठी जिना बांधला, २०१० मध्ये. मी पाहून आलोय. अर्धा किलोमीटरहून लांब, काँक्रीटच्या टाक्या एकीवर एक चढत गेलेल्या, माशाने एकेक टाकी पार करत वर जायचं. काम सुरेख आहे, खोटं कशाला बोला. पण हा जिना मोरबुर्गच्या कितीतरी वर, नदीच्या उगमाकडे. जो मासा आधीच वीजघराच्या पंपात ओढला गेला, त्याला या जिन्याचं काय कौतुक? २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने जवळपास हेच म्हटलं आणि ठपका ठेवला जर्मनीवर. म्हणजे अटी घातल्या म्हणून लवादात, सैल केल्या म्हणून न्यायालयात.

सुमारे ३०० कोटी युरो खर्चून मोरबुर्ग २०१५ मध्ये सुरू झालं आणि २०२१ मध्ये बंद. कोळशाची वीजघरं बंद करण्यासाठी सरकारने लिलाव काढला, त्यात पहिल्याच फेरीत कंपनीने ते देऊन टाकलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही धुराडी सुरुंगाने पाडली. आता तिथे हायड्रोजनचा कारखाना उभा राहतोय.

शहरांनी दरम्यान आपापलं परत मागायला सुरुवात केली होती. सप्टेंबर २०१३ मध्ये हॅम्बुर्गात सार्वमत झालं आणि ५०.९ टक्के मतांनी 'वीजवितरणाचं जाळं परत घ्या' असा कौल आला. बर्लिनला नोव्हेंबरात बहुमत मिळालं, पण २५ टक्के मतदारांच्या होकाराची अट होती, ती २४.१ वर अडकली. शेवटी बर्लिनने २०२१ मध्ये विजेचं जाळं विकतच घेतलं आणि २०२४ मध्ये घरं तापवण्याचा धंदाही.

तर मंडळी, ही कंपनी नक्की कोणाची? स्वीडिश जनतेची, की नफा जिथे असेल तिथली?

---

खडीसाखर

छान लिहिलंय. लवादाचं वाचून दाभोळ आठवलं. एन्रॉन बुडाल्यावर जीई आणि बेक्टेल आपल्या मागे लागले होतेच की, मॉरिशसमार्गे केलेल्या गुंतवणुकीच्या कराराचा आधार घेऊन. तेव्हा आपल्याला वाटायचं, गरीब देशाला म्हणून दमात घेतात. जर्मनीलाही तोच अनुभव आला हे वाचून (वाईट आहे, पण) जरा बरं वाटलं.

---

पोफळी

वाचतोय. निवृत्त वीजमंडळवाला, आयुष्य कोयनेच्या बोगद्यांत गेलं, त्यामुळे धबधबा मंडळ हे नाव फारच आवडलं.

दोन शंका. एक, जर्मनीत यांच्याकडे पंपाने पाणी वर चढवून साठवणारं गोल्डिस्टालचं वीजघर आहे ना? १,०६० मेगावॅट. आपलं घाटघर २५० चं. तेही विकलं का? दुसरी, अणुभट्ट्यांचं काय झालं? फुकुशिमानंतर जर्मनीने रातोरात बंद केल्या, तेव्हा ही कंपनी गप्प बसली?

---

एल्बकाठी

काका, गोल्डिस्टाल त्यांच्याकडेच आहे. वारा आणि ऊन बेभरवशाचं झाल्यापासून असं पाणी म्हणजे सोनं, ते कोण विकेल.

गप्प बसायचा प्रश्नच नाही. क्र्युमेल आणि ब्रुन्सब्युटेल, दोन्ही हॅम्बुर्गच्या आसपास. क्र्युमेलमध्ये जून २००७ मध्ये ट्रान्स्फॉर्मरला आग लागली तेव्हापासून ती भट्टी बहुतेक बंदच होती. जर्मन सरकारने २०१० मध्ये भट्ट्यांचं आयुष्य वाढवून दिलं आणि २०११ मध्ये फुकुशिमानंतर ते काढून घेतलं. वाटनफाल २०१२ मध्ये पुन्हा त्याच लवादात. या वेळी मागणी ४७० कोटी युरोंची.

त्याच वेळी इतर कंपन्यांबरोबर जर्मनीच्या घटना न्यायालयातही खटला चालला, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. मूलभूत हक्क हे नागरिकाला सरकारविरुद्ध असतात. सरकारी कंपनीला ते मिळत नाहीत, कारण सरकार स्वतःविरुद्ध कसले हक्क मागणार? आणि वाटनफाल तर शंभर टक्के सरकारी! न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये वाट काढली: ही कंपनी आमच्या सरकारची नाही, युरोपीय संघात कुठेही धंदा करायचं स्वातंत्र्य तिला आहे, आणि दाद मागायला दुसरा मार्ग नाही, तेव्हा अपवाद म्हणून मालमत्तेचा हक्क सांगू द्या. जर्मन सरकारची कंपनी असती तर दारातूनच परत पाठवली असती.

२०२१ मध्ये चार कंपन्यांना मिळून २४३ कोटी युरो द्यायचं ठरलं, त्यातले १४२.५ कोटी वाटनफालचे. लवादातला दावा मग मागे घेतला गेला.

---

सोल्नाची सून

धागाकर्त्याने स्वीडनच्या शाळेतल्या पोरांची काळजी केली आहे, म्हणून लिहायला बसले. कंपनीचं मुख्यालय आमच्या सोल्नात आहे, बसमधून रोज दिसतं.

पोरांना ठाऊक होतं हो! इथे लाउझित्सवरून इतकी वर्षं भांडणं झाली की सासूबाईंनासुद्धा येन्शवाल्डे उच्चारता येतं. २०१४ मध्ये ग्रीन पक्ष सत्तेत आला तो 'आपला कोळसा जमिनीतच राहू द्या' म्हणत. आणि २०१६ च्या जुलैत त्याच सरकारने खाणी आणि वीजघरं चेक कंपनी ईपीएच आणि तिच्या भागीदाराला विकायला मंजुरी दिली. विकायला म्हणजे काय, वर सुमारे १७० कोटी युरोंची रोकडही सोबत दिली, खाणींच्या पुढच्या जबाबदाऱ्यांपोटी. मुलगी नांदवून घ्या म्हणून हुंडा द्यावा तसं. कंपनीचं प्रदूषण एका सहीत खाली आलं, लाउझित्सच्या आकाशाला काही फरक पडला नाही. कोळसा निघतच राहिला.

पण इथल्या लोकांचा खरा राग कोळशावर नाही, नुऑनवर आहे. २००९ मध्ये हॉलंडची ही कंपनी वाटनफालने ८५० कोटी युरोंना घेतली. निर्मिती बरीचशी गॅसवर. मग युरोपात विजेची मागणी घटली, भाव पडले, गॅसची वीजघरं नुसती उभी राहिली. २०१३ मध्ये कंपनीने एका दमात २९७० कोटी क्रोनर मूल्य कमी झाल्याचं जाहीर केलं, त्यातला मोठा वाटा हॉलंडचा. करार झाला तेव्हाच्या उद्योगमंत्री मॉड उलोफसन यांना संसदेच्या घटना समितीने बोलावलं, तर त्या गेल्याच नाहीत! तेवढ्या पैशात किती दवाखाने झाले असते याचा हिशेब नवरा अजून जेवताना मांडतो.

---

काडीपेटी

सगळे मिळून कंपनीला धुताय, म्हणून जरा उलट बाजूने. बाजार खुला करायचा युरोपने, परवाने द्यायचे जर्मनीने, हॅम्बुर्गने स्वतःची कंपनी स्वतःच्या हाताने विकायची, आणि दोष घेणाऱ्याचा? तुमच्या गावाला पैसे हवे होते, धागाकर्ते. विकताना मालक परदेशी सरकार आहे हे दिसत नव्हतं का?

आणि सरकारी कंपनीने नफा बघू नये हा आग्रह कशाला? तोटा झाला तर सुनेच्या नवऱ्याला राग, नफा केला तर एल्बकाठींना.

---

एल्बकाठी

काडी बरोबर जागी लागली. विकलं आमच्याच गावाने, मान्य. २०१३ ला सार्वमतात जे परत मागितलं, ते १९९९ ते २००२ च्या काळात विकलेलंच होतं.

---

वारा प्यालेला

हॉलंडहून लिहितोय. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे (ठेकेदाराकडे, नाव विचारू नका), त्यामुळे वाटनफालचा दुसरा चेहराही बघितलाय.

पहाटे आयमौडनच्या धक्क्यावर केशरी सूट चढवायचा. तो इतका ताठ की बुटाची नाडी दुसऱ्याने बांधावी लागते. बोट चक्कीच्या पायाला नाक टेकवून इंजिन पूर्ण ताकदीने दाबून धरते आणि लाट वर आली की शिडीवर पाय टाकायचा. खाली जाताना टाकलात तर संपलं. पहिल्या दिवशी मी 'बाप्पा मोरया' मोठ्याने म्हटलं, डच मुकादमाला वाटलं मदत मागतोय. आता तोच मला 'मोरया' म्हणतो.

तिथलं वाटनफालचं पवनक्षेत्र हॉलंडसे कुस्त झाउद, सुमारे १,५०० मेगावॅट, निर्मितीला सरकारी अनुदान नाही. बीएएसएफ ही रसायनांची कंपनी भागीदार म्हणून आली. हे जमलं कारण लिलाव झाले तेव्हा व्याज आणि पोलाद दोन्ही स्वस्त होतं. त्याउलट इंग्लंडचं नॉरफोक बोरियस. २०२२ मध्ये मेगावॅट-तासाला ३७.३५ पौंडांचा भाव बांधून घेतला (२०१२ च्या किमतींत), मग युद्ध, महागाई, व्याज. खर्च ४० टक्क्यांनी वाढला म्हणत जुलै २०२३ मध्ये काम थांबवलं, ५५० कोटी क्रोनर बुडीत धरले आणि वर्षअखेरीस त्या भागातले सगळे प्रकल्प जर्मनीच्या आरडब्ल्यूईला ९६.३ कोटी पौंडांना विकायचं ठरवलं. वारा तोच, समुद्र तोच.

जुने लोक डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्हची गोष्ट सांगतात. २००२ मध्ये ८० चक्क्या उभ्या केल्या आणि २००४ मध्ये सगळ्याच्या सगळ्या ८० चक्क्यांची डोकी उतरवून किनाऱ्यावर आणावी लागली, खाऱ्या हवेने आतली यंत्रं बिघडली म्हणून. वाटनफालने त्यातला मोठा हिस्सा नंतर, २००६ मध्ये घेतला. म्हणजे शिकवणीची फी दुसऱ्याने भरली होती.

आणि ॲबरडीन! तिथल्या ११ चक्क्या आपल्या गोल्फच्या मैदानावरून दिसतील म्हणून ट्रम्प साहेब ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये हरले. चक्क्या २०१८ पासून फिरतायत, मैदानावरून छान दिसतात म्हणे.

---

पोफळी

'मोरया' वाचून मोठ्याने हसलो, सौ. विचारायला आल्या.

एक समजावून सांगा. स्वीडनच्या उत्तरेत एवढं पाणी, मग त्यांच्याकडे वीज महाग झाल्याची ओरड का ऐकू येते?

---

सोल्नाची सून

कारण पाणी उत्तरेला आणि माणसं दक्षिणेला. २०११ पासून स्वीडनचे विजेच्या भावासाठी चार विभाग केलेत. लुले नदीपाशी भाव नगण्य असतो तेव्हा माल्मोला कित्येक पट असू शकतो, कारण मधल्या तारांना मर्यादा आहे. शिवाय दक्षिणेत रिंगहाल्स अणुवीजघराच्या दोन भट्ट्या २०१९ आणि २०२० च्या डिसेंबरात बंद केल्या. आता त्याच जागी छोट्या नव्या भट्ट्या हव्यात, त्यासाठी २०२५ मध्ये जीई व्हर्नोव्हा आणि रोल्स-रॉइस ही दोन नावं उरली. (खडीसाखर, तुमची जीई इथेही आली बघा.)

आणि दक्षिण स्वीडन तारेने जर्मनीला जोडलेला. जर्मनीत वारा पडला, ढग आले, की तिथला भाव आमच्याकडे वाहून येतो. डिसेंबर २०२४ मध्ये असंच झालं. आमच्या ऊर्जामंत्री एब्बा बुश यांनी जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्याबद्दल उघड राग व्यक्त केला. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीला जोडणारी ७०० मेगावॅटची नवी केबल सरकारने नाकारली होती.

पण जर्मनांना हसण्याआधी हे ऐका. युनिपर ही जर्मन कंपनी २०२२ मध्ये रशियाचा गॅस थांबल्यावर बुडायला आली. तिची मालक फिनलंडची फोर्टम, तीही बहुतांशी सरकारी. तिने हात झटकले आणि जर्मन सरकारने युनिपर जवळपास पूर्ण ताब्यात घेतली. आता युनिपरकडे काय काय आहे? आमच्या ऑस्कर्सहाम्न अणुवीजघराचा अर्ध्याहून जास्त हिस्सा, रिंगहाल्सचा तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास, फोर्स्मार्कमध्येही थोडा. जर्मनीने स्वतःच्या शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद केल्या, आणि त्या दिवशी जर्मन सरकार स्वीडनमधल्या अणुभट्ट्यांचं भागीदार होतं!

---

काडीपेटी

म्हणजे स्वीडन इतकी वर्षं जर्मनीत कोळसा जाळत होता आणि जर्मनी आता स्वीडनमध्ये अणू फोडतोय. आपापल्या मतदारांना दोघंही स्वच्छ. मी काडी परत घेतो.

---

खडीसाखर

अवांतर: फोर्स्मार्क म्हणजे तेच ना, जिथे चेर्नोबिल पहिल्यांदा कळलं? २८ एप्रिल १९८६ ला तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या बुटांनी किरणोत्साराचा गजर वाजवला. आधी त्यांना वाटलं आपलीच भट्टी गळतेय. सोव्हिएत सरकार कबूल झालं त्याच संध्याकाळी.

---

पोफळी

तेच. सुनबाई, उत्तम लिहिलंत.

एल्बकाठी, नोकरीची सवय म्हणून एक विचारतो. तुमचं ते मीटरचं कार्ड. वर नाव कोणाचं आहे? आमच्यात मीटर वितरणवाल्यांचा असायचा. तुमच्या गावाने जाळं परत घेतलं म्हणता, तर मीटरही त्याबरोबर गेला असणार.

---

एल्बकाठी

काका, कार्ड फ्रिजवर लावलंय, आत्ता जाऊन पाहिलं. तुमचंच बरोबर. कार्ड वाटनफालचं नाहीच, हॅम्बुर्ग शहराच्या जाळ्याच्या कंपनीचं आहे. मी आईला चुकीचं सांगितलं.

म्हणजे हिशेब असा लागतो: मीटर आणि गल्लीतली केबल हॅम्बुर्गची. बिल स्वीडनच्या सरकारचं. आणि वरून येणारी उच्चदाबाची लाइन फिफ्टीहर्ट्झची. तीही पूर्वी वाटनफालचीच होती, २०१० मध्ये विकली; आज तिचा ८० टक्के हिस्सा बेल्जियमच्या एलियाकडे आहे आणि २० टक्के जर्मनीच्या सरकारी बँकेकडे.

आईला स्वयंपाकघरात जाऊन हे सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "म्हणजे मीटर तेवढा इथला?"

म्हटलं, हो.

"मग आकडा टाकलास का पोस्टात? शुक्रवार शेवटची तारीख आहे त्यावर."